‘ऑटो-रीडिप्लॉय म्हणजे आळशीपणा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, ऑटो-रीडिप्लॉयवरच्या (कोड बदलला की ॲप आपोआप परत सर्व्हरवर चढवण्यावरच्या) माझ्या लेखावर एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आधी आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की टॉमकॅटमध्ये (जावाची वेब ॲप चालवणारा सर्व्हर) रीलोडेबल हे सेटिंग ट्रू करून ठेवणं हा आळशीपणा आहे, फाइल सेव्ह केली की ॲप आपोआप परत डिप्लॉय होतं खरं पण काही वेळाने मेमरी भरून सर्व्हर आडवा होतो, त्यामुळे शिस्तीच्या डेव्हलपरने सर्व्हर हाताने बंद-चालू करावा. आणि शेवटी हेही की जावा ८ पासून पर्मजेन (क्लासची माहिती ठेवायची मर्यादित मेमरी) गेलंच आहे तर मी क्लासलोडर लीकवर (ॲपचे क्लास लोड करणारा जुना क्लासलोडर मेमरीत अडकून राहण्यावर) एवढा मोठा भाग कशाला लिहिला. आता ही दोन म्हणणी एकत्र बसत नाहीत बघा, मेमरी अजून भरत असेल तर लीकवर लिहायलाच हवं.

पर्मजेनचं आधी घेतो. २०१४ मध्ये जावा ८ आलं, पर्मजेन गेलं, क्लासची माहिती मेटास्पेस नावाच्या नव्या जागेत जायला लागली आणि मेटास्पेसला आपण मर्यादा घातली नाही तर ते मशीनच्या मेमरीतून घेतच राहतं. म्हणजे पूर्वी जी चूक पर्मजेन स्पेसचा एरर देऊन लगेच समोर यायची ती आता गुपचूप मशीन स्लो करते, आणि आपण ब्राउझरला आणि आयडीईला दोष देत बसतो. लीक तिथेच आहे, फक्त ओरडायचं बंद झालंय. म्हणून मी तर सांगेन की डेव्हलपमेंटच्या मशीनवर मॅक्समेटास्पेससाइझ ही मर्यादा मुद्दाम घालून ठेवा, चूक लवकर दिसते.

आता मुळात होतं काय ते. टॉमकॅट ॲप रीलोड करतो तेव्हा जेव्हीएम (जावाचा प्रोग्राम चालवणारं इंजिन) तेच चालू राहतं, फक्त ॲपचा जुना क्लासलोडर सोडून नवीन बनवला जातो. जुना गार्बेज कलेक्टरने (वापरात नसलेली मेमरी मोकळी करणारा जेव्हीएमचा भाग) उचलायचा तर त्याला बाहेरून कोणी धरून ठेवलेलं नको. आणि इथेच सगळी गोम आहे, कारण प्रत्येक ऑब्जेक्ट आपल्या क्लासला धरून असतो, क्लास आपल्या लोडरला, आणि लोडर त्याने लोड केलेल्या सगळ्या क्लासेसना. बाहेर एक जरी ऑब्जेक्ट अडकून राहिला तरी अख्खं जुनं ॲप मेमरीत राहतं, स्प्रिंग, हायबरनेट अशा लायब्ररींच्या सगळ्या जार फाइल्ससकट. अडकवणारे नेहमीचे आरोपी ठरलेले आहेत: टॉमकॅटच्या पूलमधल्या थ्रेडवर ठेवून विसरलेलं थ्रेडलोकल (त्या थ्रेडपुरती साठवलेली किंमत), ड्रायव्हरमॅनेजरकडे रजिस्टर होऊन राहिलेला, डेटाबेसशी जोडणारा जेडीबीसी ड्रायव्हर, आणि सगळ्यात जास्त वेळा आपणच चालू केलेला एखादा टायमर नाहीतर एक्झिक्युटर (मागे कामं चालवणारा थ्रेडचा संच) ज्याला बंद करायचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

हे सगळं आपल्या कोडमध्ये आहे किंवा आपण घेतलेल्या लायब्ररीत आहे, ऑटो-रीडिप्लॉयमध्ये नाही! हाताने रीस्टार्ट केलं की प्रोसेसच मरते म्हणून ते दिसत नाही, एवढंच. तुम्ही म्हणाल की प्रॉडक्शनला (खऱ्या वापराच्या सर्व्हरवर) ॲप कंटेनरमध्ये चालतं, नवीन रिलीजला तिथेही प्रोसेसच मरते, मग काय बिघडलं? क्लासलोडरपुरतं काही बिघडत नाही हे मी मान्य करतो. पण जो एक्झिक्युटर रीलोडला बंद होत नाही तो प्रॉडक्शनमध्ये शटडाउनलाही नीट बंद होत नाही, रांगेतली कामं अर्धवट तुटतात, नाहीतर प्रोसेस लटकून राहते आणि बाहेरून किल करावी लागते. ते तुम्हाला रात्रीच्या रिलीजला कळण्यापेक्षा दुपारी स्वतःच्या लॅपटॉपवर कळलेलं कधीही चांगलं.

रीलोडेबल प्रॉडक्शनला नको यात आपला वाद नाहीच. टॉमकॅटच्या डॉक्युमेंटेशनमध्येच तसं स्पष्ट लिहिलंय आणि डिफॉल्टही फॉल्स आहे, कारण क्लासेस आणि लिबच्या फोल्डरवर सतत नजर ठेवायला खर्च येतो.

पण ‘शिस्त’ हा शब्द मला खरंच खटकला. हाताने रीस्टार्ट करणारी टीम बघा, रीस्टार्टला वेळ लागतो म्हणून माणूस पाच-सहा बदल साठवतो मग एकदाच चालवतो, आणि मोडलं की त्यातलं नक्की कशाने मोडलं हे शोधण्यात तास जातो. छोटा बदल करून लगेच बघणं ही माझ्या मते जास्त मोठी शिस्त आहे, आणि ती नुसत्या सांगण्याने येत नाही, बदल पटकन दिसला तरच येते. यासाठी दर वेळी अख्खं ॲप रीलोड करायलाही नको. मेथडच्या आतलंच काही बदललं असेल तर डीबग मोडमधला हॉटस्वॅप (चालू ॲपमध्येच कोड बदलणं) पुरतो, तो २००२ च्या जावा १.४ पासून आहे, फक्त नवीन फील्ड किंवा मेथड टाकली की तो हात वर करतो. आणि जेएसपी (वेबपानांच्या फाइल्स) तर टॉमकॅट स्वतःच परत कंपाइल करतो.

स्प्रिंग बूट वापरत असाल तर डेव्हटूल्स हे त्याचं डेव्हलपमेंटसाठीचं मॉड्यूल घ्या, २०१५ मध्ये बूट १.३ सोबत आलं. त्यात दोन क्लासलोडर असतात, न बदलणाऱ्या जार्स एकात आणि तुमचा कोड दुसऱ्यात, आणि बदल झाला की फक्त दुसरा टाकून नवीन घेतात म्हणून ते पूर्ण रीस्टार्टपेक्षा बरंच लवकर होतं. पॅकेज केलेल्या जारमधून चालवलं तर ते आपोआप बंद राहतं, म्हणजे तुमची प्रॉडक्शनची काळजीही मिटली. एक त्रास मात्र आहे, कॅशमध्ये जुना ऑब्जेक्ट राहिला तर ‘ग्राहक हा क्लास ग्राहकमध्ये कास्ट होत नाही’ अशा अर्थाचा एरर येतो आणि माणूस चक्रावतो, नाव एकच पण लोडर दोन म्हणून जेव्हीएमच्या लेखी ते दोन वेगळे क्लास. अशा वेळी सरळ पूर्ण रीस्टार्ट करा, त्यात काही कमीपणा नाही.

तुमच्या ॲपसाठी एवढं करून बघा: कॉन्टेक्स्टडिस्ट्रॉइडमध्ये (ॲप थांबताना चालणारी मेथड) स्वतः चालू केलेले सगळे एक्झिक्युटर बंद करा, थ्रेडलोकलचं रिमूव्ह फायनली ब्लॉकमध्ये टाका, मग काही वेळा रीलोड करून टॉमकॅट मॅनेजरमधलं फाइंड लीक्सचं बटण दाबा. रीलोडच्या वेळी लॉगमध्ये ‘या ॲपने अमुक नावाचा थ्रेड चालू केला पण थांबवला नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते, त्यात थ्रेडचं नाव असतं. ते नाव इथे खाली टाका, बहुतेक वेळा नावावरूनच कळतं कोणती लायब्ररी आहे, मग पुढचं आपण बघू.