कोथिंबिरीच्या पाण्याने किडनी धुतली जात नाही

‘फक्त दहा रुपयांत किडनी साफ करा’ हा मेसेज घरोघरच्या ग्रुपवर कित्येक वर्षं फिरतोय. कोथिंबिरीची जुडी बारीक चिरा, पाण्यात दहा मिनिटं उकळा, गाळून बाटलीत भरा, रोज एक ग्लास प्या. किडनीत साठलेलं मीठ आणि विष लघवीवाटे बाहेर पडताना दिसेल, असं त्यात म्हटलंय. इतके दिवस मी दुर्लक्ष करत होते. परवा ती हिरवट पाण्याची बाटली माझ्या आत्याच्या फ्रिजमध्ये दिसली. आत्याला मधुमेह आहे, बीपी आहे, क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ) वाढलेलं आहे. आता गप्प बसवत नाही.

सगळ्यात घातक भाग आधी घेते. किडनी कमजोर झाली की रक्तातलं जादा पोटॅशियम नीट बाहेर टाकलं जात नाही. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि बऱ्याचदा आधी काही लक्षणही दिसत नाही. म्हणून ज्यांचं पोटॅशियम वाढतं त्यांना आहारतज्ज्ञ सांगतात की भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी ओतून द्या. उकळल्यावर पोटॅशियम पाण्यात उतरतं, म्हणून. आता मेसेजची कृती पुन्हा वाचा. चिरा, उकळा, भाजी फेकून द्या, पाणी प्या! पेशंटने जे मोरीत ओतायचं तेच औषध म्हणून ग्लासात.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पोषण तक्त्यात १०० ग्रॅम ताज्या कोथिंबिरीत ५२१ मिलिग्रॅम पोटॅशियम दिलंय. त्यातलं सगळं पाण्यात उतरत नाही, आणि एका ग्लासाने कुणी दगावणार नाही, हे मान्य. पण मेसेज रोज प्यायला सांगतो, आणि तो श्रद्धेने पाळणारे बहुतेक किडनीचं काहीतरी निघालेलेच असतात. त्यातले अनेक जण बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन घेतात, आणि या गोळ्यांनीही पोटॅशियम वाढू शकतं. शिवाय ज्यांना दिवसाचं पाणी मोजून दिलंय त्यांच्या हिशेबात हा जादा ग्लास कुठे बसवायचा?

आता ‘साठलेली घाण’. किडनी म्हणजे चहाची गाळणी नव्हे, की चोथा अडकला आणि नळाखाली धुतला. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात, त्यातलं पाणी, साखर, क्षार गरजेप्रमाणे परत रक्तात ओढून घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर सोडतात. किडनी बिघडली की युरिया, क्रिएटिनिन रक्तात वाढतं, ते किडनीत साचून बसलेलं नसतं. मधुमेहाने आणि बीपीने जे नेफ्रॉन (किडनीतले गाळणारे सूक्ष्म भाग) एकदा मेले ते कुठल्याच पाल्याने परत येत नाहीत. लघवीतून मीठ जाताना ‘दिसेल’ म्हणे! ते विरघळलेलं असतं, डोळ्यांना काय दिसणार?

एक गोष्ट कबूल करावीच लागेल. धने मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणारे, आहेत असं आयुर्वेदात म्हटलंय, आणि उंदरांवरच्या प्रयोगात धन्यांच्या अर्काने लघवी वाढलेली दिसली आहे. उन्हाळ्यात धन्या-जिऱ्याचं पाणी आमच्याकडेही होतं, निरोगी माणसाने ते खुशाल प्यावं. पण लघवी जास्त झाली म्हणजे किडनी सुधारली असं होत नाही. मुतखड्याचंही तेच: पाणी भरपूर प्यायल्याने मदत होते, त्यात कोथिंबीर असो वा नसो.

कोथिंबीर पारा, शिसं शरीरातून ओढून काढते, हा याच मेसेजचा दुसरा अवतार. इराणमध्ये शिशाची बाधा झालेल्या ३ ते ७ वर्षांच्या मुलांना कोथिंबिरीचा अर्क देऊन पाहिला. ज्यात औषध नाही असं नुसतं दिखाऊ औषध दिलेल्या मुलांपेक्षा वेगळा फरक पडला नाही.

आणि ‘डॉक्टर हे लपवतात, त्यांना डायलिसिसचे पैसे हवेत’ हे शेपूट. सरकारी डायलिसिस योजना २०१६ पासून आहे, जिल्हा रुग्णालयात गरिबांना ते मोफत मिळतं, महात्मा फुले योजनेतही बसतं. लपवलेलं काही नाही. उलट सुरुवातीला किडनीचा आजार काहीच त्रास देत नाही, म्हणून मधुमेह किंवा बीपी असलेल्यांनी वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) तपासावं, आणि गुडघेदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. हे पुढे पाठवा ना!

उकळण्याऐवजी कच्च्या पाल्याचा रस काढणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. त्याच तक्त्यात १०० ग्रॅमला ३१० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन के आहे, आणि ते रक्त गोठायला मदत करतं. हृदयाची झडप बदललेली असेल आणि वॉरफरिन किंवा अॅसिट्रॉम चालू असेल, तर रोजच्या ग्लासभर रसाने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा परिणाम उतरू शकतो. आमटीवर भुरभुरलेल्या चिमूटभर कोथिंबिरीने तसं होत नाही, ती कुणी सोडू नये.