रक्त कमी आहे म्हणून चीक फेकू नका

एक मेसेज सगळीकडे फिरतोय. बाळंतिणीचं हिमोग्लोबिन कमी असेल तर तिचं पहिलं दूध, म्हणजे चीक, निकस असतो, त्यात लोह नसतं, तो पाजला तर बाळालाही ॲनिमिया होतो, तेव्हा आईचं रक्त वाढेपर्यंत बाळाला वरचं दूध द्या. वाचून जीव कळवळला, कारण हे वाचून कुठलीतरी आई पहिले दोन-तीन दिवस बाळाला अंगावर घेणारच नाही आणि चीक येतो तो त्याच दिवसांत. म्हणून मेसेजमधला एकेक दावा घेते.

"आईत लोह नाही तर दुधात कुठून येणार?" ऐकायला पटतं, पण दूध बनवणाऱ्या पेशी रक्तातून लोह आपल्या हिशोबानं उचलतात, त्यामुळे सौम्य किंवा मध्यम ॲनिमियात दुधातलं लोह फारसं हलत नाही, खूप तीव्र असेल, हिमोग्लोबिन 7 च्याही खाली गेलं असेल, तर थोडं घटू शकतं. आणि मुळात धडधाकट आईच्या दुधातही लोह थोडंच असतं, लिटरमागे एक मिलिग्रॅमसुद्धा नाही, चिकात त्यातल्या त्यात जास्त.

मग बाळाचं भागतं कशावर? पोटात असताना, मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत, ते आईकडून लोहाचा साठा घेऊन ठेवतं आणि पूर्ण दिवसांच्या, नीट वजनाच्या बाळाला तो साधारण 4 ते 6 महिने पुरतो. ॲनिमियाचा खरा फटका बसतो तो इथे! आईला तीव्र ॲनिमिया असेल, बाळ लवकर झालं किंवा वजन कमी भरलं तर साठाच अपुरा राहतो. म्हणजे मेसेजवाल्यानं दोष दुधावर टाकलाय आणि घडलंय ते गरोदरपणात. त्यावर उपाय म्हणजे गरोदरपणात वेळेवर तपासणी आणि गोळ्या, जन्मानंतर नाळ बांधायची घाई न करता 1 ते 3 मिनिटं थांबणं, आणि कमी वजनाच्या बाळाला डॉक्टर सांगतील तसे लोहाचे थेंब. चीक बंद करून साठा कसा भरणार?

"चीक निकस असतो." नाही. पहिल्या दिवशी तो चमच्या-चमच्यानंच येतो, पण त्यात अँटिबॉडीज, लॅक्टोफेरिन (जंतूंना रोखणारं प्रथिन), पांढऱ्या पेशी, व्हिटॅमिन ए असं ठासून भरलेलं असतं. ॲनिमिया असलेल्या आयांच्या चिकात काही संरक्षक प्रथिनं कमी आढळल्याचे अभ्यास आहेत, ते लपवायचं कारण नाही, पण थोडी कमी म्हणजे नाहीतच असं होत नाही, आणि गाईच्या दुधातून किंवा डब्याच्या पावडरीतून आईच्या अँटिबॉडीज मिळणारच नाहीत.

वरच्या दुधाचं म्हणाल तर गाईच्या दुधात लोह कमी आणि जे असतं तेही नीट शोषलं जात नाही, शिवाय लहान बाळाच्या आतड्यातून त्यानं सूक्ष्म रक्तस्राव होऊ शकतो, म्हणजे रक्त वाढवायला निघालो आणि उलटंच झालं. पावडरीत लोह घातलेलं असतं, वैद्यकीय गरज असेल तर जरूर द्या, पण बाळ ओढत नाही तोवर आईचं दूध नीट उतरत नाही हे विसरू नका.

मेसेजमध्ये जे असायला हवं होतं ते मात्र नाहीये. ॲनिमिया बी12 च्या कमतरतेचा असेल तर गोष्ट वेगळी, कारण दुधातलं बी12 थेट आईवर अवलंबून असतं आणि ते कमी पडलं तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, म्हणून नुसतं हिमोग्लोबिन बघून थांबू नका, ॲनिमिया कशामुळे आहे ते विचारा. तिथेही इलाज आईला बी12 देणं, आणि गरज असेल तर बाळालाही. तसंच बाळंतपणात खूप रक्त गेलं असेल तर दूध उतरायला उशीर होऊ शकतो, थकवा इतका असतो की बाळाला उचलून घेणंही जड जातं, अशा वेळी तिला माणसं लागतात, बाळ आणून कुशीत द्यायला आणि ती पाजत असताना जवळ बसायला.

लोहाच्या गोळ्या पाजताना चालतात. जिथे गरोदरपणातला ॲनिमिया जास्त आढळतो तिथे बाळंतपणानंतर 6 ते 12 आठवडे त्या द्याव्यात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि गोळ्यांनी दूध काळं पडत नाही, काळी होते ती आईची शी, त्याला घाबरून गोळ्या सोडू नका.