शनिवारचा निर्णय मंगळवारी: एका जुन्या वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही 'एक जुना वाचक' एवढीच सही केलीत, पण ओहायोत चाळीस वर्षं अमेरिकन कॉलेज फुटबॉल बघतोय असं लिहिलंत, म्हणून काका म्हणते. तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरं वाटेना, म्हणून हे लांबलचक लिहितेय.

बाकीच्या वाचकांसाठी आधी संदर्भ. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की मधल्या फळीतल्या कॉलेज टीमने पुढची जागा भरताना आणखी एक कोच घेण्याऐवजी पूर्ण पगारावर डेटा ॲनालिटिक्सचा माणूस घ्यावा. त्यावर काकांचं म्हणणं असं: हा खेळ खांद्यांनी खेळतात, लॅपटॉपने नाही. बारा सामन्यांच्या हंगामातून आकडे कसले काढणार? ओरेगन विद्यापीठाचा कोच डॅन लॅनिंग याने आकड्यांच्या नादी लागून वॉशिंग्टनविरुद्धचा सामना घालवला. आर्कान्सामधला कधीच पंट न करणारा (म्हणजे चेंडू लाथेने दूर मारून समोरच्यांना न देणारा) शाळेचा कोच केव्हिन केली कॉलेजात येऊन आपटला. अलाबामा विद्यापीठाच्या टीमकडे ढीगभर ॲनालिस्ट होतेच, मग यात नवं काय? आणि हवंच असेल तर संख्याशास्त्राची मुलं फुकट करून देतील. शेवटचं वाक्य होतं, 'पोरांचे आकडे करू नका.' त्या वाक्याकडे मी शेवटी येते, कारण तेच सगळ्यात वजनदार आहे.

लॅनिंगपासून सुरू करते. तो सामना मलाही अजून टोचतो. १४ ऑक्टोबर २०२३, सिॲटल. या खेळात दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाउन म्हणतात; चौथाही फसला तर चेंडू समोरच्यांकडे जातो, म्हणून चौथ्याला बहुतेक वेळा किक मारतात. ओरेगनने चौथ्या डाउनला तीनदा किक न मारता यार्ड मिळवायचा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा फसले. एकदा पहिला हाफ संपता संपता, एंड झोनपासून (जिथे चेंडू नेला की टचडाउन, सहा गुण) तीन यार्डांवर. एकदा तिसऱ्या क्वार्टरमध्ये, पुन्हा एंड झोनच्या जवळच. आणि शेवटी ३३-२९ अशी आघाडी असताना, दोनेक मिनिटं उरलेली, वॉशिंग्टनच्या ४७ यार्डांवर, हवे होते तीन यार्ड. चेंडू वॉशिंग्टनकडे गेला, त्यांनी टचडाउन केला, ओरेगनचा बरोबरी साधणारा फील्ड गोल, म्हणजे तीन गुणांची किक, हुकला आणि सामना ३६-३३ असा गेला. हार तीन गुणांची, आणि तीन गुणांची किक दोनदा सोडलेली. लॅनिंगने नंतर सगळा दोष स्वतःवर घेतला.

तुम्ही या तिन्ही निर्णयांना एकाच पोत्यात घालता. मी घालणार नाही. एंड झोनजवळ चौथ्या डाउनला जोखीम घ्यावी असं आकडे सांगतात, त्यामागे एक कारण असतं: फसलात तरी समोरची टीम स्वतःच्या गोल लाइनला चिकटून अडकते. तिथून चेंडू बाहेर काढणं इतकं अवघड की चेंडू हातात असूनही त्यांची स्थिती गुणांच्या हिशेबात उणे धरतात. म्हणजे प्रयत्न फसला तरी हाती काहीतरी राहतं. पण हाफ संपत आला असेल तर ते उरलेलं मोल शून्य होतं, कारण अडकलेल्या टीमला पुढे खेळायचंच नसतं, सगळे विश्रांतीला आत जातात. तिथे तीन गुण घ्यायला हवे होते, आणि हे आकड्यांच्याच हिशेबाने म्हणते आहे. शेवटचा निर्णय मात्र माझ्या मते बरोबर होता. तीन यार्ड मिळाले असते तर उरलेलं बहुतेक घड्याळ ओरेगनच्या मुठीत गेलं असतं. पंट केली असती तर वॉशिंग्टनच्या मायकल पेनिक्ससारख्या क्वार्टरबॅकला (चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला) दोन मिनिटं आणि चेंडू, दोन्ही आयते मिळाले असते. निकाल वाईट लागला म्हणून निर्णय वाईट ठरत नाही, आणि एकाच सामन्यात एक चूक आणि एक बरोबर निर्णय शेजारी शेजारी बसू शकतात. हा फरक रविवारी सकाळी शांतपणे लिहून ठेवणारा कुणीतरी टीमकडे हवा. नाहीतर पुढच्या आठवड्यात कोच घाबरून सरसकट किक मारायला लागतो.

आता माझ्या बाजूचं एक उदाहरण देते. त्याच्या बरोबर एक आठवडा आधी, ७ ऑक्टोबर २०२३ ला, मायामी विद्यापीठाची टीम जॉर्जिया टेकविरुद्ध २०-१७ ने पुढे होती. अर्ध्या मिनिटापेक्षा थोडा जास्त वेळ उरला होता आणि जॉर्जिया टेककडे एकही टाइमआउट नव्हता. क्वार्टरबॅकने चेंडू घेऊन गुडघा टेकला असता (प्रयत्न तिथेच संपतो, घड्याळ चालूच राहतं) तर पुढच्या स्नॅपपर्यंत, म्हणजे पुढचा प्रयत्न सुरू करेपर्यंत, ४० सेकंदांची मुभा होती, म्हणजे सामना तिथेच संपला असता. मायामीने चेंडू पळवला. तो सुटला. जॉर्जिया टेकने ७४ यार्ड कापले आणि घड्याळात एक सेकंद उरला असताना टचडाउन करून २३-२० ने जिंकली. काका, इथे कुठलं मॉडेल लागत होतं? एक कार्ड पुरेसं होतं: समोरच्याकडे इतके टाइमआउट, इतका वेळ, तर गुडघा टेका. आणि ते कार्ड हातात धरून हेडसेटवर 'थांबा' म्हणणं हे ज्याचं काम आहे असा एक माणूस. मायामीचे कोच मारिओ क्रिस्टोबाल स्वतः मायामीकडून खेळलेले, राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेले ऑफेन्सिव्ह लाइनमन, म्हणजे पुढच्या रांगेत खांद्यांनी धक्के देणारे खेळाडू. खांद्यांची कमतरता तिथे नक्कीच नव्हती.

मला मुळात एवढंच म्हणायचं आहे. शनिवारी साठ-सत्तर हजार लोक ओरडत असताना जे निर्णय घ्यावे लागतात, त्यातले बरेच मंगळवारी बंद खोलीत घेऊन ठेवता येतात. नियमही त्याच बाजूला ढकलतात. २०२४ पासून साइडलाइनवर टॅब्लेट चालतात, पण त्यांवर फक्त त्याच सामन्याचा व्हिडिओ बघता येतो. आकडे, विश्लेषण, डेटाशी जोडणी, सगळ्याला मनाई. त्यामुळे सामन्याच्या वेळी लॅपटॉपवाला पोरगा कोचला हुकूम सोडतोय हे चित्र कॉलेजात खरं नाहीच. असतात ते लॅमिनेट केलेले कागद. कागदावर काय छापायचं आणि मुख्य कोचने त्यातलं काय मान्य केलंय, हे आठवड्यात ठरतं. मी ज्या नोकरीबद्दल लिहिलं ती हीच.

आणि खांद्यांबद्दल अजून एक. मैदानावरच्या प्रत्येक जागेवर चेंडू हातात असण्याची किंमत किती गुणांची, हा हिशेब पहिल्यांदा प्रसिद्ध करणाऱ्यांत एक चालू क्वार्टरबॅक होता. व्हर्जिल कार्टर. सिनसिनाटी बेंगल्स या व्यावसायिक संघाकडून खेळत होता आणि १९७१ मध्ये रॉबर्ट मॅकॉल या प्राध्यापकांबरोबर त्याने तो शोधनिबंध लिहिला. तुमच्याच ओहायोचा संघ, काका! मार खाणारा माणूसच आधी मोजायला बसला होता.

बारा सामन्यांचा मुद्दा. इथे तुम्ही निम्मे बरोबर आहात. निकाल बाराच मिळतात, पण ऑफेन्सचे (चेंडू आपल्याकडे असतानाचे) स्नॅप हंगामात साधारण ८०० होतात आणि डिफेन्सचे जवळपास तेवढेच. प्रत्येक स्नॅपला विचारता येतं: काम झालं का? पहिल्या डाउनला हव्या असलेल्या यार्डांपैकी ५० टक्के मिळाले, दुसऱ्याला ७० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण, तर झालं, नाहीतर नाही. ८०० प्रश्नांची उत्तरं म्हणजे थोडी माहिती नव्हे. पण त्याच ८०० चे तुकडे पाडत गेलात, 'तिसरा डाउन, दोन यार्ड, उजवा हॅश मार्क, दोन टाइट एंड', की हातात चार-पाच स्नॅप उरतात. त्यावर टक्केवारी काढून कोचपुढे ठेवणारा माणूस मला नको. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, प्रत्येक खेळाडूच्या पॅडमध्ये चिप असते, सगळ्या लीगला एकसारखी माहिती मिळते. कॉलेजात तशी सोय नाही. म्हणून इथे जास्त चांगला माणूस लागतो, कमी चांगला चालत नाही.

फुकट काम करणाऱ्या मुलांबद्दल मी तटस्थपणे लिहू शकत नाही, कारण मी त्यांच्यातलीच एक होते. संख्याशास्त्रात मास्टर्स करताना दोन हंगाम विद्यापीठाच्या टीमसाठी फिल्म नोंदवायचे. रविवारी सकाळी, रिकाम्या इमारतीत. प्रत्येक स्नॅपला: कितवा डाउन, किती यार्ड हवेत, चेंडू कुठल्या हॅश मार्कवर, रिसीव्हर किती, मोशनमध्ये कोण, काय झालं. दुसऱ्या हंगामात माझ्या लक्षात आलं की शॉटगनमध्ये (क्वार्टरबॅक मागे उभा राहून चेंडू घेतो ती रचना) आमचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा खेळाडू, क्वार्टरबॅकच्या अर्धं पाऊल मागे उभा राहिला की जवळजवळ प्रत्येक वेळी रन, आणि अगदी बरोबरीने उभा राहिला की पास. कुणी शिकवलं नव्हतं, सरावात आपोआप तसं होत गेलं होतं. आमच्या कोचना ते दिसत नव्हतं. त्यांना प्ले (ठरवलेली चाल) आधीच माहीत असायचा, मग पायांकडे कोण बघणार? समोरच्या लाइनबॅकरना (बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूंना) मात्र दिसत होतं. स्नॅपच्या आधीच त्यांचं वजन पुढच्या पायावर गेलेलं फिल्ममध्ये कळायचं.

एका असिस्टंट कोचला मी घाबरत घाबरत दाखवलं. त्यांनी फिल्म मागे-पुढे केली, पाच मिनिटं काही बोलले नाहीत, आणि बुधवारच्या सरावात बॅकची जागा बदलली होती. माझ्या शिक्षणातला तो सगळ्यात आनंदाचा दिवस होता, डिग्री मिळाली त्या दिवसापेक्षाही.

पुढच्या मे महिन्यात मी पास होऊन बाहेर पडले. माझ्या नोंदींची फाइल कशी वाचायची हे दाखवायला कुणी बसलंच नाही. ते असिस्टंट कोचही दुसरीकडे गेले. त्या शरद ऋतूत मी प्रेक्षकांत बसून सामना बघत होते आणि नवा रनिंग बॅक अर्धं पाऊल मागे उभा होता. रन. पुन्हा अर्धं पाऊल मागे. पुन्हा रन. मला तिथे बसवेना. फुकट मिळालेलं काम असंच जातं, काका. मुलं हुशार असतात, पण ती जाणारच असतात. टीमची आठवण सांभाळणारा माणूस पगारावर हवा, आणि कोचेसच्या बैठकीत त्याला खुर्ची हवी. त्याच्या हाताखाली विद्यार्थी जरूर असावेत.

अलाबामाचे ॲनालिस्ट हा निव्वळ शब्दाचा घोटाळा आहे. मैदानावर शिकवणाऱ्या असिस्टंट कोचेसची संख्या नियमाने बांधलेली होती, म्हणून तिथले तेव्हाचे मुख्य कोच निक सेबन यांनी जास्तीच्या अनुभवी कोचेसना ॲनालिस्ट या नावाने ठेवलं. स्टीव्ह सार्किसियन २०१६ मध्ये तिथे ॲनालिस्ट होते आणि जानेवारी २०१७ मध्ये क्लेमसनविरुद्धच्या विजेतेपदाच्या सामन्यात ऑफेन्सचे प्ले त्यांनीच ठरवले. ते कोचच होते. २०२४ मध्ये तो नियमच सैल झाला.

केव्हिन केलीबद्दल मात्र तुमच्याशी वाद घालणार नाही. लिटल रॉकच्या पुलास्की अकादमीत, शाळेच्या पातळीवर, पंट न करता त्यांनी राज्य विजेतेपदं जिंकली. २०२१ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या प्रेस्बिटेरियन कॉलेजात गेले, पहिला सामना ८४-४३ ने जिंकला, हंगाम २-९ ने (दोन विजय, नऊ पराभव) संपला आणि त्यांनी पद सोडलं. शाळेतले आकडे त्या शाळेच्या मुलांचे होते, तिथल्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे होते. प्रेस्बिटेरियनची टीम त्याच वर्षी फुटबॉल स्कॉलरशिप न देणाऱ्या गटात गेली होती. चौथ्या डाउनला तीन यार्ड मिळण्याची शक्यता ही निसर्गाने ठरवलेली संख्या नाही, ती या टीमची, या लाइनची, या आठवड्याची असते. माझ्या लेखात हे उदाहरण यायला हवं होतं. राहिलं, ती माझी चूक.

आता 'पोरांचे आकडे करू नका.'

हे वाचून मी बराच वेळ थांबले. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, आणि फुटबॉलच्या रोस्टरमध्ये (टीमच्या यादीत) जास्तीत जास्त १०५ जण. खेळाडूंना कॉलेज बदलू देणाऱ्या ट्रान्सफर पोर्टलमुळे दर हिवाळ्यात निम्मी टीम बदलू शकते. कुणाला किती द्यायचं हे ठरवायला आकडे वापरले जाणारच, आणि तिथे चांगला माणूस असला तर एखाद्या लहान कॉलेजातल्या दुर्लक्षित मुलाचं भलंही होतं. कोच कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठातून इंडियाना विद्यापीठात आले तेव्हा तिथले तेरा खेळाडू सोबत घेऊन आले. आधीच्या वर्षी ३-९ असलेली इंडियाना २०२४ मध्ये ११-२ झाली. त्या मुलांनी आधी मैदानावर काय करून दाखवलंय हे कुणीतरी बघितलं होतं.

पण सरावात मुलांच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, जीपीएसचं यंत्र असतं. कोण किती धावला, किती जोरात थांबला, कुणाचा वेग गेल्या आठवड्यापेक्षा उतरलाय, सगळं कळतं. ते मुलाला दुखापतीपासून वाचवायला वापरलं तर मी दोन्ही हातांनी पाठिंबा देईन. पण पगाराच्या बोलणीत कुणी तोच कागद काढून 'तुझा वेग कमी झालाय' म्हटलं, तर एकोणीस वर्षांच्या मुलाने स्वतःच्या शरीराबद्दल दिलेली माहिती त्याच्याच विरुद्ध गेली. असं होऊ नये यासाठी त्या नोकरीच्या करारातच लिहिलेलं हवं: शरीराची माहिती ट्रेनर आणि डॉक्टरांच्या पुढे जाणार नाही, प्रत्येक मुलाला स्वतःची माहिती बघता येईल, आणि पैशांच्या चर्चेत ती येणार नाही. मागच्या लेखात याबद्दल एक ओळही नव्हती. आज रात्री त्यात हा परिच्छेद जोडते आहे, तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून.

तुम्ही विचारलंत की मुलाखतीला मी काय विचारेन. एका सामन्याची फिल्म देईन, दोन दिवस देईन, आणि कोचसाठी एक पान लिहून मागेन. एकच पान. त्यात 'यावरून सांगता येत नाही' असं निदान एकदा लिहिलेलं असेल, त्या उमेदवाराला दुसऱ्या फेरीला बोलावेन.

आणि एक विनंती. पुढच्या शनिवारी सामना बघताना कागद-पेन्सिल जवळ ठेवा. प्रत्येक चौथ्या डाउनला, स्नॅपच्या आधी, तुम्ही काय केलं असतं ते लिहा. नंतर खोडायचं नाही. मीही लिहिते. रविवारी दोघांचे कागद इथेच टाकू. चाळीस वर्षं बघणाऱ्या डोळ्यांनी काय टिपलं ते मला खरंच वाचायचं आहे.