शेषरावांचं अंथरूण

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं ज्याने सांगून ठेवलंय त्याने अजगर पाळलेला नसणार. आमच्या शेषरावांना पाय नाहीत. अगदीच नाहीत असंही नाही. शेपटीच्या मुळाशी दोन इवल्या नख्या आहेत, पूर्वजांना पाय होते त्याची शिल्लक. पण त्या पसरण्याजोग्या नव्हेत. तरीही त्यांच्या अंथरुणावरून घरात जेवढा खल झाला, तेवढा आमच्या गादीवरून कधी झाला नाही. आणि ती गादी अजून रोज सकाळी माझी कंबर धरते.

शेषराव जातीने बॉल पायथन. मूळ गाव पश्चिम आफ्रिका, जन्म अमेरिकेतला, सध्या मुक्काम कोलंबस, ओहायो, लेकाच्या खोलीतली काचेची पेटी. लेकाने नाव ठेवलं होतं 'नूडल'. सासूबाई गुहागरहून राहायला आल्या आणि त्यांनी बारसं बदललं. "खायच्या वस्तूचं नाव ठेवतात का रे कोणी? घरात आहे ना, मग जरा मानाने हाक मार." साप म्हटलं की ओरडणाऱ्या सासूबाई मला चालल्या असत्या. या मात्र पेटीसमोर खुर्ची टाकूनच बसल्या.

या जातीच्या दोन अटी. पेटीच्या एका टोकाला ३२ अंशांची ऊब आणि हवेत ६० टक्क्यांच्या वर दमटपणा. इथे हिवाळ्यात हीटर लागला की हवा अशी कोरडी होते, की स्वेटर काढताना ठिणग्या उडतात. अशा हवेत सापाची कात नीट सुटत नाही. नाकापासून शेपटीपर्यंत अख्खी उतरायची, तर तुकड्यातुकड्यांनी चिकटून बसते. ओल फार झाली, तर पोटाचे खवले सडतात. म्हणजे पेटीच्या तळाशी पसरायचं अंथरूण ओलं हवं आणि ओलं नको.

दुकानात पिशव्यांची भिंत होती. सीडरच्या भुश्याचा वास मला फार आवडला, कोऱ्या पेन्सिलीच्या कंपासपेटीसारखा. लेकाने पिशवी हातातून काढूनच घेतली. त्या वासातलं तेलच सापाच्या फुप्फुसाला बाधतं म्हणे. पाइनचंही तेच. वाळू दिसायला झकास, पण भक्ष्याला चिकटून पोटात गेली तर आतडं तुंबतं. अक्रोडाच्या टरफलांच्या चुऱ्याला टोकं असतात. अ‍ॅस्पेनचा भुसा निर्धोक, पण दमट ठेवला की बुरशी धरतो. "रद्दी घाला की," सासूबाई म्हणाल्या. रद्दी चालते, पण ती ओल धरत नाही. शिवाय आमच्या घरात कागद म्हणजे दिवाळी अंक, आणि शेषरावांसाठी त्यांचा बळी द्यायला त्याच तयार नव्हत्या.

शेवटी लेकाने निवड केली आणि एक वीट आणून टेबलावर ठेवली. सासूबाईंनी चष्मा लावला, नखाने टोकरली, हुंगली.

"अगं, ही तर सोडणं आहेत!"

होती. नारळाचीच सोडणं, तुकडे करून, वाळवून, दाबून विटा पाडलेली. गुहागरला परसात ढीग पडलेला असतो आणि न्हाणीघराच्या चुलीत जातो.

"केवढ्याला?"

मी सांगितलं. त्यांनी मनात गुणाकार केला, आणि मग किती तरी वेळ काहीच बोलल्या नाहीत.

पण त्या दिवसापासून खातं त्यांच्याकडे गेलं. वीट बादलीत, वरून कोमट पाणी. ती कुरकुर आवाज करत फुगते, कडेने सुटते, आणि बघता बघता बादली काठोकाठ. मग मूठ भरून दाबायची. गोळा वळला पाहिजे, बोटांतून पाणी गळता कामा नये. रव्याच्या लाडवांवर आयुष्य गेलेल्या बाईला हे कोणी शिकवायचं? लेक आर्द्रतामापक घेऊन उभा असतो, त्या मुठीतच निकाल देतात. राहिलेली भुकटी बाथटबच्या जाळीत अडकते, ते खातं माझं.

पसरून झालं म्हणजे संपलं असं नाही. शेषराव निवांतपणे प्रातर्विधी उरकतात. सोबत खडूसारखे पांढरे गोळे, ते त्यांचं मूत्र. ते तेवढंच उचलायचं आणि महिनाभराने सगळंच बदलायचं. उचलायला माझा झारा गेला. तो परत मागायचा नाही हे मला न सांगता कळलं. त्यानंतर साबणाने खसखसून हात धुणं, कारण साल्मोनेला, पोट बिघडवणारा जंतू. जेवणाच्या दिवशी फ्रीजरमधला उंदीर (ओल्या खोबऱ्याच्या मागच्या कप्प्यातला, यावर मी वेगळं लिहीन) वितळवून ताटलीत ठेवायचा, म्हणजे काथ्या पोटात जात नाही. "त्याचं पान वाढलं का?" असं सासूबाई विचारतात तेव्हा पाहुण्यांना वाटतं, माझ्या नवऱ्याबद्दल चाललंय.

आता लेकाच्या डोक्यात नवीन खूळ आहे. पेटीत माती आणि बारीक किडे सोडायचे, ते घाण खातील, बुरशी खातील, बदलाबदली बंद. मी लगेच होकार दिला. मग कळलं की किड्यांनाही खायला लागतं, ते म्हणजे वाळलेली पानं. अंगणात ओकच्या पानांचा खच आहे, दर वर्षी माणसाला पैसे देऊन तो उचलावा लागतो. पण हिरवळीवर आम्ही औषध फवारतो, ती पानं किड्यांना चालायची नाहीत. म्हणून पानांची पिशवी विकत आली.

सासूबाईंनी किंमत विचारली, रुपयांत. मी डॉलरांतच सांगितली आणि चहा टाकायला उठले.