शंभर प्रश्न पाठ करून आयटी सपोर्टची नोकरी मिळत नाही

गेला महिनाभर एक मेसेज गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळ्या ग्रुपांवर फिरतो आहे. 'आयटी सपोर्टचा इंटरव्ह्यू हमखास पास व्हा' असं त्याचं शीर्षक. खाली शंभर प्रश्न, त्यांची एकेका ओळीची उत्तरं आणि शेवटी पाच सूचना: उत्तरं शब्दशः पाठ करा, फाडफाड इंग्रजी येत नसेल तर टेक्निकल राउंडला जाऊच नका, 'माहीत नाही' असं कधीही म्हणू नका, सर्टिफिकेट घ्या, त्याशिवाय कोणी दारात उभं करत नाही, आणि घाबरू नका, सपोर्टमध्ये मशीन रीस्टार्ट करण्यापलीकडे काही नसतं.

मला हा मेसेज दाखवला माझ्या भाच्याने. साखळीचा मुलगा, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झालेला. त्याने शंभरच्या शंभर उत्तरं घोकली, पर्वरीला इंटरव्ह्यूला गेला आणि दुसऱ्याच प्रश्नाला अडकला. मी अकरा वर्षं वेर्ण्याच्या एका कारखान्यात हेच काम करतो आणि गेली चार वर्षं नव्या मुलांच्या मुलाखती घ्यायलाही बसतो. त्या मेसेजवर विश्वास ठेवून आणखी मुलांनी आपली संधी घालवू नये, म्हणून एकेका सूचनेला उत्तर देतो.

'उत्तरं शब्दशः पाठ करा.' भाच्याला पहिला प्रश्न आला, डीएचसीपी म्हणजे काय. (नेटवर्कात येणाऱ्या मशीनला पत्ता वाटून देणारी व्यवस्था.) त्याने पूर्ण नाव सांगितलं, डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, अ‍ॅक्नॉलेज हे चारही टप्पे सांगितले. समोरच्याने मान डोलावली आणि विचारलं, "एका युजरचं नेट बंद आहे. आयपीकॉन्फिग केलं तर पत्ता १६९.२५४ ने सुरू होतोय. काय झालं असेल?" आयपीकॉन्फिग म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता दाखवणारी कमांड. भाचा गप्प. घरी येऊन म्हणाला, "मामा, हा प्रश्न यादीत नव्हता." अरे, होता! पहिलाच होता, फक्त उलट बाजूने विचारलेला. मशीन पत्ता मागतं, कोणी उत्तर देत नाही, मग विंडोज स्वतःच १६९.२५४ मधला एक पत्ता घेऊन बसतं. म्हणजे चार टप्प्यांतला पहिलाच टप्पा हवेत विरला. का विरला, हे शोधणं म्हणजे आमचं काम. आणि त्याची सुरुवात मशीनला हात लावण्याआधी एका प्रश्नाने होते: हे एकाच मशीनचं आहे की सगळ्यांचं? एकाचंच असेल तर वायर, पोर्ट, नेटवर्क कार्ड. सगळ्यांचं असेल तर स्विच किंवा खुद्द डीएचसीपी सर्व्हर.

हे पुस्तकी वाटत असेल तर कळंगुट-बागाच्या पट्ट्यातलं हॉटेल डोळ्यांसमोर आणा. डिसेंबरात खोल्या भरतात आणि पाहुण्यांची ओरड सुरू होते, वायफाय जोडलेलं दिसतं पण नेट येत नाही. राउटर रीस्टार्ट करून काही होत नाही. साध्या नेटवर्कात वाटायला २५४ पत्ते असतात. एकेका पाहुण्याकडे फोन, लॅपटॉप, मुलांचा टॅब. विंडोज सर्व्हरवर पत्त्याची मुदत न बदलता ठेवली तर ती आठ दिवसांची असते. पाहुणा तिसऱ्या दिवशी मोपाला जाऊन विमानात बसतो, त्याच्या फोनचा पत्ता मात्र पुढचे पाच-सहा दिवस त्याच्याच नावावर अडकून राहतो. नव्या पाहुण्याला द्यायला पत्ताच उरत नाही. पाहुण्यांच्या वायफायची मुदत काही तासांवर आणली की ओरड थांबते. इंटरव्ह्यूत हा प्रसंग कोणी घातला, तर 'डीएचसीपी'चं पूर्ण नाव आठवून काय उपयोग?

आमच्याकडे मुलाखतीला एक जुना पीसी मांडलेला असतो. कधी त्यात वेबसाइटचं नाव पत्त्यात बदलून देणाऱ्या डीएनएसचा पत्ता मुद्दाम चुकीचा घालतो, कधी छापायच्या फाइली रांगेत लावणारा प्रिंट स्पूलर बंद ठेवतो. गेल्या वर्षी सत्तरीतली एक मुलगी आली होती, आयटीआयला कोपा, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरचा कोर्स, केलेली. तिला म्हटलं, नेट चालत नाही, बघ. तिने कीबोर्डला हातही लावला नाही. वाकून मागे पाहिलं. लॅनच्या पोर्टजवळचा हिरवा दिवा बंद. वायर जराशी दाबली, दिवा लुकलुकला आणि विझला. मग तिने प्लग बाहेर काढून माझ्यासमोर धरला. त्याची प्लॅस्टिकची बारीक क्लिप तुटलेली होती. "सर, ही बसतच नाहीये. दुसरी वायर आहे?" मी विचारलं, आयपीकॉन्फिग केलं असतंस तर काय दिसलं असतं? "मीडिया डिसकनेक्टेड." आणि १६९.२५४ दिसलं असतं तर? "तर वायर जोडलेली आहे, पण पत्ता देणाऱ्याचं उत्तर येत नाहीये." दोन वाक्यांत तिने दाखवून दिलं की हे तिने आधी हाताने केलेलं आहे.

एवढं मात्र मान्य करतो की काही गोष्टी तोंडपाठ हव्यातच. रिमोट डेस्कटॉपचा (दुरून मशीन चालवण्याचा) पोर्ट क्रमांक ३३८९, डीएनएसचा ५३, एचटीटीपीएसचा ४४३, घरगुती नेटवर्कात दिसणारे १९२.१६८ आणि १० ने सुरू होणारे पत्ते. पाढे असतात तसं हे. त्याला एक संध्याकाळ पुरते, महिना लागत नाही.

आता इंग्रजीची सूचना. या सूचनेचा मला खरा राग आहे, कारण मराठी शाळेतून आलेली, गावातली मुलं ही वाचूनच अर्ज भरत नाहीत. त्या सत्तरीच्या मुलीचं इंग्रजी तुटक होतं. मध्येच ती मराठीत शिरायची, आम्ही अडवलं नाही. ती आज आमच्याकडे आहे. रात्रपाळीत लेबल छापणारा प्रिंटर अडला की मशीनवरचा माणूस फोन करतो तो कोंकणीत, नाहीतर हिंदीत. घाबरलेल्या माणसाकडून "शेवटचं काय केलंस, पडद्यावर नेमकी कुठली अक्षरं आहेत" हे काढून घ्यायला त्याच्या भाषेत बोलता यावं लागतं.

इंग्रजी लागतं, ते तिकीट, म्हणजे बिघाडाची नोंद, लिहिताना, आणि तेवढं शिकायलाच हवं. 'प्रिंटर चालत नाही' असं तिकीट कोणाच्याच कामाचं नसतं. कोणाचा प्रिंटर, कधीपासून, पडद्यावर कुठला संदेश, बाकीच्यांचा चालतो का, आपण काय काय करून पाहिलं: या पाच गोष्टी साध्या छोट्या वाक्यांत लिहिता आल्या की झालं. रोज एक तिकीट लिहा, घरातल्याच कुठल्यातरी बिघाडावर. पंधरा दिवसांत हात बसतो. बाहेरच्या देशातल्या ग्राहकांचे फोन घेणाऱ्या नोकरीत बोलण्याचं इंग्रजी जास्त लागतं हे खरं, पण सगळा सपोर्ट म्हणजे तेवढंच नव्हे.

'माहीत नाही असं म्हणू नका' ही सूचना तर सरळ घातक आहे. मी एकदा विचारलं, मदरबोर्ड बदलल्यावर लॅपटॉप चालू करताना निळ्या पडद्यावर बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लावलेल्या कुलपाची, की (किल्ली) मागतोय, काय करशील? मुलगा क्षणभरही न थांबता म्हणाला, "फॉरमॅट मारतो." त्याला उत्तर येत नव्हतं, पण ते कबूल करायचं नाही असं कोणीतरी त्याच्या मनावर बिंबवलं होतं. खऱ्या कामात त्या एका वाक्याने हिशेबखात्याचा सगळा डेटा गेला असता. ती की ४८ आकड्यांची असते आणि बहुतेक वेळा कुठेतरी जपून ठेवलेली असते, युजरच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये किंवा कंपनीच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे सगळ्या अकाउंटच्या नोंदवहीत. "हे मी हाताळलेलं नाही. आधी की कुठे ठेवली आहे ते शोधेन, सापडेपर्यंत डिस्कला हात लावणार नाही, आणि सीनियरला विचारेन." असं म्हणणाऱ्याला मी पूर्ण गुण देतो.

सर्टिफिकेटवर फार बोलण्यासारखं नाही. कॉम्पटिया ए प्लस या सपोर्टच्या सर्टिफिकेटसाठी दोन परीक्षा द्याव्या लागतात, दोन्हीची फी वेगवेगळी आणि सर्टिफिकेट टिकतं तीन वर्षं. परवडत असेल तर अभ्यास चांगला होतो. पण त्यासाठी आईचे दागिने गहाण ठेवू नका. एका मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे, विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती १८० दिवस चालते. आठ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर एक डोमेन (सगळ्या युजरचा एकत्र कारभार) उभं करा, त्यात चार युजर बनवा, एकाचं अकाउंट मुद्दाम लॉक करा आणि उघडा. हे सर्टिफिकेटच्या जागी अर्जात लिहा, आम्ही वाचतो.

राहिली शेवटची सूचना, रीस्टार्टची. १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली, विमानतळांवर हाताने लिहून बोर्डिंग पास द्यावे लागले. मशीन सुरूच होत नव्हतं, त्यामुळे दुरून काही करायची सोय नव्हती. हजारो सपोर्टवाले एकेका मशीनपाशी गेले, सेफ मोडमध्ये शिरले, ती एक फाइल पुसली. जिथे बिटलॉकर होता तिथे आधी ४८ आकडे. गंमत अशी की काही क्लाउडवरच्या मशीनसाठी मायक्रोसॉफ्टने खरोखरच पुन्हापुन्हा रीस्टार्ट करून पाहा, पंधरा वेळाही लागू शकतं, असं सांगितलं होतं, कारण एखाद्या वेळी कोसळण्याआधी सुधारलेली फाइल उतरून यायची. रीस्टार्ट करायला कमीपणा नाही. तो का करतोय हे सांगता यावं. सध्या तर विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून कुठलं मशीन ११ वर जाईल, कुठलं टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसल्यामुळे अडेल, याची छाननी जिथेतिथे चालू आहे. इंटरव्ह्यूला जाण्याआधी निदान आपल्या मशीनवर टीपीएम कुठे दिसतो ते बघून जा.

भाच्याबरोबर गेले तीन रविवार बसतोय. तो चहा आणायला आत गेला की मी त्याच्या लॅपटॉपमध्ये काहीतरी बिघडवून ठेवतो. पहिल्या रविवारी डीएनएस बदलला होता. वेबसाइट उघडत नाही पण गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग (हाक) जातोय, म्हणजे नेट ठीक आहे, एवढं लक्षात यायला त्याला चाळीस मिनिटं लागली. काल स्पूलर बंद केला होता, त्यात एक अडकलेली फाइलही ठेवली होती. सहा मिनिटांत त्याने ती काढली आणि प्रत्येक पायरीला आपण काय शोधतोय ते मोठ्याने बोलत होता. सोमवारी पाटोला त्याचा पुढचा इंटरव्ह्यू आहे.