दुर्गातली पांढरी चार

गेल्या महिन्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी पावणेतीन मिनिटांचं एक रेकॉर्डिंग टाकलं. दुर्गा रागावर पियानोसाठी मीच केलेली छोटी रचना. तासाभरात मामाचा फोन. मामा सांगलीला असतो, चाळीस वर्षं पेटी वाजवतोय. म्हणाला, "अगं, दुर्गात गंधार कुठून आणलास? आणि हे सगळं करायला तू परीक्षा कुठली दिलीस?"

पहिला प्रश्न अगदी रास्त होता. पियानोच्या एका सप्तकात काळ्या पट्ट्या पाचच. काळी एकला सा धरला तर काळी दोन रे, तीन म, चार प, पाच ध. म्हणजे फक्त काळ्या पट्ट्यांवर बोटं फिरवली तरी दुर्गा सापडतो. (काळी तीनला सा धरला तर त्याच पाच पट्ट्यांचा भूप होतो. हे मला ज्या रात्री उमगलं त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत जागी होते.) उजवा हात असा सुखात असतो. अडचण डाव्या हाताची. पाश्चात्त्य संगीताच्या सवयीनं खाली भरीव कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले तीन सूर, द्यावासा वाटतो, आणि काळी एकचा मेजर कॉर्ड म्हणजे सा, ग, प. त्यातला ग पडतो पांढरी चारवर. पाच काळ्यांच्या घरात एक पांढरी शिरते आणि दुर्गात वर्ज्य असलेला गंधार वाजतो. मी तो ऐकला होता, आवडला म्हणून ठेवला होता. मामाच्या फोननंतर आठवडाभर झगडून काढला आणि त्या जागी सा, म, प ठेवले. आता तिथं जरा पोकळी वाटते, पण राग मोकळा झाला. मामाचं बरोबर होतं.

हा लेख आहे दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

मी मिरजेची. सतारमेकर गल्लीतून शाळेत जायचे, तिथं भोपळे वाळत पडलेले असायचे. नऊ वर्षं झाली, जर्मनीत लाइपझिगला राहते. दिवसभर संगणकावर काम, संध्याकाळी पियानो. चौतिसाव्या वर्षी जुना डिजिटल पियानो विकत घेतला, दोन वर्षं शिकवणी लावली आणि मग स्वतःचं काहीतरी लिहायला लागले. आजवर अकरा रचना झाल्यात, त्यातल्या तीन कुणाला ऐकवण्यासारख्या आहेत.

घरच्या बातम्या रोज वाचते. दहावीचा निकाल लागला की कलेच्या वाढीव गुणांवर दरवर्षी वाद होतो. शास्त्रीय गायन, वादन, नृत्य, चित्रकला, लोककला यांत परीक्षा दिलेल्या, प्रावीण्य दाखवलेल्या मुलांना जादा गुण मिळतात. एक बाजू म्हणते, गुणांच्या निमित्तानं का होईना, पोरं क्लासला जातात. दुसरी म्हणते, टक्के फुगतात आणि दहावी झाली की तंबोरा माळ्यावर जातो. दोन्ही खरं आहे. माझ्याच वर्गातल्या चौघी जणी तीन-तीन परीक्षा पास झाल्या होत्या, आज एकीच्याही घरात वाद्य नाही. पण या सगळ्या वादात एक गोष्ट कुणी विचारत नाही, त्याचं मला फार वाईट वाटतं. त्या मुलानं स्वतःचं काही केलं का? एखाद्या कवितेला चाल लावली? चार ओळींची सरगम रचली? अभ्यासक्रम ठरलेला, बंदिश ठरलेली, ताना वहीत लिहून दिलेल्या. क्लासला सात वर्षं घालवूनही "आज तू काहीतरी नवीन बांधून आण" हे वाक्य मुलाच्या कानावर पडत नाही.

आणि हे कुठं, तर आपल्याकडे! 'हौशी' या शब्दाला मराठीनं किती मान दिलाय ते नाटकात बघा. राज्य नाट्य स्पर्धेच्या नावातच 'हौशी' आहे, आणि तो शब्द तिथं कुणाला कमीपणाचा वाटत नाही. बँकेतला कारकून नाटक लिहितो, शाळेतली शिक्षिका बसवते, एमएसईबीतला वायरमन त्यात राजा होतो. पुरुषोत्तम करंडकाला एकांकिका घेऊन आलेल्या पोराला कुणी विचारत नाही की नाट्यलेखनाची कुठली परीक्षा दिलीस. कवितेचंही तेच. मग सूर जुळवणाऱ्यालाच दाखला का मागायचा? गावोगावच्या भजनी मंडळांत एकाच अभंगाच्या पाच चाली ऐकायला मिळतात. त्या कुणी लावल्या, कुणाला माहीत नाही. ती माणसं परीक्षेला बसली नव्हती.

मामा यावर म्हणतो, "पण पियानोवर राग होतच नाही. मींड कुठंय?" हा वाद जुना आहे आणि मी तो हलका मानत नाही. धैवतावरून मध्यमावर घसरत येणं हे दुर्गाचं रूप, आणि माझ्याकडे दोन वेगळ्या पट्ट्या आहेत, मधे काही नाही. पेटीवर हेच आक्षेप होते. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली, ती पुढं जवळपास तीस वर्षं चालली. त्याआधी मामाच्याच सांगलीतल्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी श्रुतींवर (सप्तकातल्या सूक्ष्म सुरांवर) १९१० मध्ये पुस्तक लिहिलं आणि क्लेमेंट्ससोबत बावीस श्रुतींच्या पेटीचा ध्यास घेतला. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं त्या कामाला साहाय्य होतं. देवल निवृत्त डेप्युटी कलेक्टर, क्लेमेंट्स आयसीएसमधले न्यायाधीश. म्हणजे सुरांच्या शुद्धतेचा एवढा मोठा प्रश्न ज्यांनी हातात घेतला ते दोघेही हौशीच. रागसंगीताचं शास्त्र मांडणारे भातखंडे वकील होते. हे मी मामाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "त्यांचा अभ्यास होता गं." होता. मी कुठं नाही म्हणते?

इथं हौशी माणसासाठी जर्मनमध्ये जुना शब्द आहे, 'लीबहाबर'. सरळ अर्थ प्रेम असलेला. कार्ल फिलिप इमानुएल बाखनं १७७९ ते १७८७ या काळात पियानो-क्लाविअरच्या रचनांचे सहा संग्रह छापले, ते 'जाणकार आणि लीबहाबर' अशा दोघांसाठी. त्याच्या वडिलांनी, योहान सेबास्टियान बाखनं, याच शहरात बायकोला, आना माग्डालेनाला, १७२५ मध्ये सुरांची वही दिली होती. त्या वहीत नवऱ्याच्या रचना आहेत, दुसऱ्यांच्या आवडलेल्या आहेत (जो मिनुएट जगभरची मुलं बाखचा म्हणून शिकतात तो ड्रेस्डेनच्या पेत्सोल्डचा निघाला) आणि पोरसवदा कार्ल फिलिपच्या सुरुवातीच्या रचनाही आहेत. बापाच्या रचनांशेजारी मुलाचे पहिले प्रयत्न, एकाच घरगुती वहीत. बाख जिथं काम करायचा त्या थोमास चर्चवरून जाताना मला त्या वहीची आठवण हमखास होते.

इथल्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ सालचा एक निकाल आहे, घरात ट्रम्पेट वाजवणाऱ्या एका वादकाबद्दल शेजाऱ्यांनी केलेल्या दाव्याचा. न्यायालय म्हणालं, घरात वाद्य वाजवणं हा नेहमीच्या जगण्याचा भाग आहे. कामाच्या दिवशी दोन ते तीन तास, रविवारी नि सुटीच्या दिवशी एक ते दोन तास, असा अंदाज घालून दिला, दुपारची आणि रात्रीची शांतता पाळून. आणि पुढे: व्यावसायिक वादकाला हौशी वादकापेक्षा जास्त हक्क नाहीत, कमीही नाहीत. ते वाक्य वाचून मला भरून आलं होतं.

पण इथलं सगळं गोड आहे असं मी लिहिणार नाही. माझी रचना खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात ऐकली, त्या "छान" म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. नऊ वर्षांत कुणी गंधाराबद्दल भांडलं नाही. मामा भांडला. चूक काढण्याइतकं कुणी कान देऊन ऐकणं, ही घरची श्रीमंती आहे आणि इथं ती मला मिळत नाही.

आणि 'हौस' हा शब्द बायकांच्या बाबतीत कुंपण म्हणूनही वापरला गेलाय, दोन्हीकडे. फानी मेंडेल्सझोन, संगीतकार फेलिक्सची थोरली बहीण. १८२० मध्ये वडिलांनी तिला लिहिलं, फेलिक्ससाठी संगीत कदाचित पेशा होईल, तुझ्यासाठी ते केवळ भूषणच राहील. तिनं साडेचारशेच्या आसपास रचना केल्या. स्वतःच्या नावानं छापायला सुरुवात केली १८४६ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी ती गेली. हे वाचताना मला आई आठवते. आई संगीताच्या 'मध्यमा' परीक्षेपर्यंत शिकली. मग लग्न ठरलं. परीक्षेचा दाखला पाहुण्यांना दाखवला गेला, आणि नंतर सासरी पेटी नव्हती. घरात काम करता करता ती गुणगुणायची, त्यातलं किती तिचं स्वतःचं होतं हे आम्ही कधी विचारलंच नाही. फानीवर निदान हौस लादली होती, आईकडून तीही काढून घेतली होती.

म्हणून वाढीव गुण ठेवा की काढा, यावर माझं मत फारसं ठाम नाही. क्लासमध्ये वर्षातून एकदा तरी प्रत्येक मुलानं स्वतःची चाल बांधून आणावी, गुरुजींनी मामासारखी ती कान देऊन ऐकावी आणि तिला गुण देऊ नयेत, यावर मात्र ठाम आहे.

गंधार काढलेली रचना मी परत ग्रुपवर टाकली. मामानं नुसता अंगठा दिला. दोन दिवसांनी आईचं रेकॉर्डिंग आलं. मागं कुकरची शिट्टी, आणि माझ्या स्थायीला तिनं केलेला अंतरा, तिच्याच शब्दांत, दोन ओळी. शेवटी म्हणते, "बघ गं, जमतंय का. माझा आवाज आता उतरलाय."

आवाज खरंच उतरलाय. पूर्वी ती काळी पाचला गायची, आता पांढरी पाचला. म्हणजे मला सगळी रचना तिथं न्यावी लागली. पांढरी पाचला सा धरला की दुर्गाचे पाचही सूर पांढऱ्यांवर येतात, काळी एकही लागत नाही. तीन दिवस झाले, हात सवयीनं अजून काळ्या पट्ट्यांकडेच जातोय. तिच्या दुसऱ्या ओळीत पंचमावर ती किंचित थांबते, तिथं डाव्या हातानं काय द्यायचं ते अजून ठरत नाही.