सायलेन्सरचं तोंड

गाडीकडे मागून बघायची सवय मला कधी नव्हती. आपण आत बसतो, पुढे बघतो. मागचं मागच्यांनी बघावं. पण एका रविवारी सोसायटीतले तिसऱ्या मजल्यावरचे काका फिरून येताना माझ्या अकरा वर्षांच्या गाडीमागे थांबले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि म्हणाले, “तुमच्या सायलेन्सरचं तोंड बघितलंत का?”

तोंड खरंच बघवत नव्हतं. आतून काजळी, बाहेरून गंज, आणि कडेचे पापुद्रे नखाने निघत होते. त्या दिवसापासून सिग्नलला थांबलो की पुढच्या गाडीच्या नंबरआधी मला तिची नळी दिसायला लागली. काही नळ्या अशा लखलखीत की त्यात भांग पाडून घ्यावा.

कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याने चंदेरी रंगाचा डबा काढून दिला. “गेटला लावतात साहेब. वर्षानुवर्षं बघायला नको.” गेटमधून धूर येत नाही, हा मुद्दा तेव्हा आम्हां दोघांनाही सुचला नाही. पॉलिश पेपरने घासून मी दोन हात मारले. नळी मुंजीतल्या चांदीच्या पळीसारखी दिसायला लागली. चार दिवसांनी जेजुरीला निघालो. दिवे घाटात एका ट्रकच्या मागे, दुसऱ्या गियरमध्ये, वरपर्यंत. माथ्यावर भजी खायला थांबलो तर कसला तरी करपट वास. ही म्हणाली, “याचं तेल जळलंय, इथे नको खायला.” भजीवाला बिचारा निर्दोष होता. माझ्या नळीवर मुगाच्या पापडासारखे फोड आले होते.

मग ताप सोसणारा रंग शोधत नाना पेठ, म्हणजे पुण्यातला गाड्यांच्या पार्ट्सचा बाजार. तिथल्या दुकानदाराने मान वर न करता विचारलं, “सहाशेचा देऊ का बाराशेचा?” म्हणजे अंश. बाराशेचा थोडाच महाग होता. थोड्या पैशात दुप्पट मिळतंय म्हटल्यावर मराठी माणूस जे करतो तेच मी केलं. घरी आल्यावर लेकीने स्प्रेचा डबा उलटसुलट केला. “बाबा, हे फॅरनहाइट आहे.” तिने १२०० मधून ३२ वजा केले, पाचने गुणलं, नऊने भागलं आणि माझ्या हातात ६४९ सेल्सिअस ठेवले.

“म्हणजे ४९ तरी जास्त मिळाले ना?” मी म्हणालो.

“पण तुमच्या नळीला लागतात कुठे? इंजिनमधून निघताना धूर तेवढा तापलेला असतो. शेपटापर्यंत येताना अख्ख्या गाडीची लांबी पार करतो, निवत जातो.”

इंजिनीअरिंगला मुलं घालताना या बाजूचा विचार करायला हवा.

खरी गंमत डब्यावरच्या बारीक अक्षरांत होती. हा सिलिकोनचा रंग हवेत वाळतो, पण पक्का होत नाही. त्याला टप्प्याटप्प्याने तापवत दोनशे अंशांपर्यंत न्यावं लागतं; तोवर तो नुसता पाहुण्यासारखा बसलेला असतो. माझी नजर ओट्यावरच्या ओव्हनकडे गेली. हिची नजर माझ्या नजरेकडे. “त्यात नानकटाई होते,” एवढंच ती म्हणाली. तसंही, नळी पाइपाला जोडलेली आणि पाइप गाडीला. ओव्हनमध्ये काय काय घालणार?

म्हणून पार्किंगमध्ये गाडी चालू करून बसलो. रंग वाळवण्यासाठी जागच्या जागी पेट्रोल जाळणारा माणूस सेक्रेटरींनी बहुधा पहिल्यांदाच पाहिला. वीस मिनिटांनी करोनात घेतलेली ताप मोजायची बंदूक नळीवर रोखली. तिने लाल होऊन पडद्यावर ‘हाय’ लिहिलं. मला वाटलं, झालं काम! पण माणसाच्या तापापलीकडचं काहीही असलं तरी ती हायच म्हणते. पेट्रोलचा बोळा फिरवून पाहिला, तर सगळा रंग बोळ्यावर.

म्हणजे बघा. घाटात साध्या रंगाला माझी नळी जास्त तापट, आणि भारी रंगाला तीच थंड. मधल्या माणसासाठी या बाजारात काही नसतंच.

पुढचे दोन शनिवारही असेच गेले. गाड्या चकचकीत करणाऱ्या दुकानातला मुलगा म्हणाला, “सर, सिरॅमिक मारून टाका.” ते बॉडीवर चोळायचं पातळ द्रव, सायलेन्सरला लागणारं, भट्टीत भाजायचं सिरॅमिक निराळं, हे त्याच्याशी अर्धा तास बोलल्यावर आम्हां दोघांना कळलं. भोसरीतला पावडर कोटिंगवाला मात्र सरळ माणूस. “आमची भट्टी दोनशेची. गाडी सुटी करून आणा, करून देतो.” क्रोमवाल्याला नळी टाकीत बुडवायची होती. सगळ्यांना नळी हवी होती, गाडी कुणालाच नको होती.

शेवटी गाडी मेकॅनिककडे नेली. त्याने रंगाकडे पाहिलंच नाही. स्क्रूड्रायव्हरचं टोक नळीला खालून टेकवलं आणि हलकेच दाबलं. ते आत गेलं. आरपार.

“गंज आतून आहे काका. लीटरभर पेट्रोल जळलं की जवळजवळ लीटरभर पाणी तयार होतं. गाडी पळाली तर त्याची वाफ होऊन निघून जातं. नाही तर सायलेन्सरमध्ये साठतं. कुठे कुठे फिरवता?”

“मंडईपर्यंत,” मी म्हणालो. “परत येतो पण.”

त्याने कीव केली नाही, हे त्याचे उपकार. कुजलेला तुकडा कापून स्टेनलेसचा नवा वेल्ड केला आणि सांगितलं, “महिन्यातून एकदा तरी लांब काढा. चांगली तास-दोन तास तापू द्या.” हे औषध हिने त्याच्या तोंडून झेललं. हिचं माहेर कोल्हापूर. तेव्हापासून दर महिन्याला सायलेन्सर वाळवायला आम्ही कोल्हापूरला जातो.

उरलेला स्प्रे डिकीत पडला होता. सासऱ्यांकडे अजून बंब पेटतो. त्याचं वरचं पत्र्याचं धुराडं गंजलं होतं. एका दुपारी वेळ जाईना म्हणून घासून त्यावर मारला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी बंब पेटवला, शेणी घातल्या, वर लाकडं. पोटभर तापल्यावर त्या रंगाने जे अंग धरलं, की खिळ्याने ओरखडा उठेना.

सासरे आता आल्यागेल्याला परसात नेतात. “आमच्या जावयानं मारलाय. बाराशे डिग्रीचा हाय.”

फॅरनहाइटचं मी त्यांना सांगितलेलं नाही.